संपात बस चालवणारा उमराव : स्वयंसेवक की संपफोड्या?

प्रश्न असा : १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी झालेल्या सार्वत्रिक संपात ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी, निवृत्त लष्करी अधिकारी, उमरावांची मुले यांनी बस आणि रेल्वे चालवल्या. भाषांतरात त्यांना काय म्हणावे?

इंग्रजीतच दोन शब्द आहेत, आणि कोणता वापरायचा हे बोलणारा कोण यावर ठरते. सरकार 'व्हॉलंटिअर' म्हणे, संपकरी 'ब्लॅकलेग'. त्यामुळे मंत्र्याच्या निवेदनात 'स्वयंसेवक' आणि खाणकामगाराच्या तोंडी 'संपफोड्या' चालेल. हाइड पार्कमधल्या १ मेच्या भाषणाबद्दल दोन महिने तुरुंगात गेलेले, मुंबईत जन्मलेले कम्युनिस्ट खासदार शापूरजी सकलातवाला यांच्या तोंडी 'स्वयंसेवक' घातलात, तर पात्रच बिघडले. 'ब्लॅकलेग'चे 'काळ्या पायाचा' मात्र नको. आपल्याकडे अपशकुनी पाय पांढरा असतो!

खरी अडचण निवेदकाच्या वाक्यात येते. मराठीत 'स्वयंसेवक' म्हटले की पूरग्रस्तांना मदत करणारा, मोबदला न घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणजे निवेदकाने न सांगता बाजू घेतली. 'संपफोड्या'ने उलट बाजू घेतली जाते. 'बदली' हा शब्द सुचेल, पण मुंबईच्या गिरण्यांत बदली म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता लागणारा, स्वतः हातावर पोट असलेला कामगार. केंब्रिजच्या विद्यार्थ्याला तो शब्द देणे चूकच.

माझी पसंती 'हौशी'ला. हौशी चालक, हौशी फायरमन (रेल्वे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा), हौशी हमाल. कामाचे नाव कायम राहते, कौशल्याची उणीव कळते आणि वर्गही सूचित होतो. ती उणीव खरीच होती. बस चालवायला मोटार येणे पुरे. शेजारी पोलीस बसे, आणि संपकऱ्यांनी बॉनेट उघडून इंजिन बंद पाडू नये म्हणून त्यावर काटेरी तार गुंडाळत. वाफेच्या इंजिनाचे तसे नाही. कोळसा भट्टीत सारखा पसरावा लागतो, बॉयलरमधल्या पाण्याची पातळी सांभाळावी लागते, सिग्नल ओळखावे लागतात. हे संपाच्या नऊ दिवसांत येत नाही. म्हणून गाड्या थोड्याच धावल्या.

प्रत्येक हौशी संपफोड्या नव्हता, हेही ध्यानात घ्या. हाइड पार्क दूधवाटपाचे केंद्र झाले होते. तिथल्या उपाहारगृहात चहा देणाऱ्या बायकांनी कुणा संपकऱ्याची जागा घेतली नव्हती. त्यांना 'स्वयंसेविका' बिनधास्त म्हणा.

आणखी एक घोळ नेहमी होतो. ३ मेच्या मध्यरात्रीपासून १२ मेपर्यंत चालला तो संप, पण खाणकामगारांवर आधी मालकांनी लादली ती टाळेबंदी, म्हणजे मालकानेच कामगारांना कामावर येऊ न देणे. दोन्हीला 'संप' लिहिले तर, बाकीच्यांनी खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी काम थांबवले, हे कारणच पुसले जाते. 'हरताळ'ही टाळा, त्यात दुकाने बंद ठेवण्याची छटा आहे.

व्याकरणापुरते : 'संपफोड्या'चे रूप 'लाकूडतोड्या'सारखे चालते. अनेकवचन 'संपफोडे', पुढे 'संपफोड्यांनी', 'संपफोड्यांना'. गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा, तेव्हा गुजराती वाचकाला हा शब्द आपल्यापेक्षा जास्तच झोंबेल.