फोटोच्या पाठीवर काय लिहावे?

प्रश्न : आमच्या आजोबांचा कुस्तीच्या मैदानातील एक कृष्णधवल फोटो घरात आहे. तो खासबागेतील असून मागे बसलेले फेटेवाले गृहस्थ म्हणजे राजर्षी शाहू महाराज, असे घरातील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. शाळेच्या दाखल्यावर आजोबांचे जन्मसाल १९२८ आहे. तालमीच्या कार्यक्रमात हा फोटो मोठा करून लावायचा आहे. त्याखाली काय लिहावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपण सोबत पाठवलेली प्रत बारकाईने पाहिली. कडा नागमोडी कातरलेल्या आहेत, पाठीवर स्टुडिओचा अर्धवट पुसलेला शिक्का आहे आणि आजोबा विशीतले, अंगाला माती लागलेले, नुकतीच कुस्ती संपवून उभे असलेले दिसतात. शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले. त्या पिढीच्या दाखल्यांत जन्मसाल दोन-चार वर्षांनी मागेपुढे झालेले सर्रास आढळते, हे धरले तरी विशीतले आजोबा आणि शाहू महाराज एका चौकटीत येणे शक्य नाही. फोटो १९४८च्या आसपासचा असावा. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज होते आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मागील गृहस्थ शहाजी महाराज असतील, एखादे सरदार असतील किंवा तालमीचे वस्तादही असतील. त्या काळातील खात्रीच्या छायाचित्रांशी चेहरा ताडून पाहावा, आणि तो जुळेपर्यंत कोणाचेही नाव लिहू नये.

जागेचे म्हणाल, तर शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ पासूनचे आहे, त्यामुळे काळाची अडचण नाही. मध्यभागी कुस्तीची जागा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, ही त्याची रचना. आपल्या फोटोत प्रेक्षकांची डोकी एकावर एक चढत गेलेली दिसतात, हे खासबागेशी जुळते. परंतु गावोगावच्या जत्रेत मातीच्या उतारावर बसलेली गर्दीही कॅमेऱ्यात अशीच दिसते, म्हणून एवढ्यावर शिक्कामोर्तब करता येणार नाही. मैदानाला लागून १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, आहे. मूळ फोटो जास्त रिझोल्यूशनवर स्कॅन करून कोपऱ्यात त्याची भिंत किंवा छप्पर दिसते का, हे जरूर पाहावे. ८ ऑगस्ट २०२४च्या आगीत त्या वास्तूची जी हानी झाली, ती पाहता तिची जुनी ओळख दाखवणारा प्रत्येक फोटो कोल्हापूरकरांना हवा आहे.

यानंतरचे काम माणसांकडचे आहे, आणि ते लांबणीवर टाकू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. आजोबांच्या बरोबरीने जोर-बैठका मारलेले कोणी हयात असतील, तर मूळ फोटो घेऊन त्यांच्याकडे जा. ‘हे खासबागच ना?’ असे विचारलेत तर वयस्कर माणूस आपले मन राखण्यासाठी ‘होय’ म्हणून मोकळा होतो. ‘ही जागा कुठली असेल?’ एवढेच विचारा आणि गप्प बसा. प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटा, बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि कोणी काय सांगितले ते त्याच्या नावानिशी टिपून ठेवा. शाहू महाराजांची घरातील आख्यायिकाही ती सांगणाऱ्याच्या नावाने वेगळी लिहावी. कुस्तीला त्यांनी दिलेला राजाश्रय तालमीतल्या घरांमध्ये किती आपलेपणाने आठवला जातो, हे तिच्यातून कळते.

तूर्त फोटोखाली असे लिहावे : ‘(आजोबांचे नाव), अंदाजे १९४८. कुस्तीचे मैदान, कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार खासबाग. मागील गृहस्थांची ओळख पटलेली नाही.’ हाच मजकूर मूळ फोटोच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने पसरते.

प्रश्न : २०१९च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले. लग्नाचे आणि सहलींचे जुने फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा झाला आहे. ते सोडवता येतील का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ओढून सोडवू नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि वाळताना समोरच्या कागदाला धरून बसतो. ओढले की चेहऱ्यासकट निघून येतो. कृष्णधवल फोटो स्वच्छ, गार पाण्यात बुडवून ठेवल्यास पुष्कळदा आपोआप सुटतात, पण बुरशीने थर मऊ केला असेल तर चित्रच वाहून जाऊ शकते. म्हणून ज्याची दुसरी प्रत आहे अशा फोटोवर आधी प्रयोग करावा, आणि एकुलते एक फोटो जतन-तज्ज्ञाकडेच द्यावेत. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसहच स्कॅन करावा. निगेटिव्ह असल्यास त्या आधी शोधा. लग्नाचे फोटो नातेवाइकांना वाटलेले असतात, तेव्हा दोन्हीकडच्या नात्यात चौकशी केल्यास तीच छबी बऱ्याचदा सुस्थितीत मिळते. पुन्हा पाणी आलेच, तर भिजलेले फोटो वाळून चिकटण्यापूर्वी वेगळे करून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. तेवढी सवड नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत.

प्रश्न : कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर अंबाबाईच्या किरणोत्सवाचा एक फोटो आला आहे. तो नोव्हेंबरचा की फेब्रुवारीचा, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : किरणांवरून ओळखता येणार नाही. नोव्हेंबरच्या ९ ते ११ तारखांना आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या काळात सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच ठिकाणी मावळतो. म्हणूनच हा सोहळा वर्षातून दोनदा होतो आणि दोन्ही वेळचे फोटो सारखे दिसतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्यात नोंदलेली तारीखही गळून पडते. ज्यांनी तो प्रथम पाठवला त्यांच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्यावी. ती न मिळाल्यास त्या दिवशीच्या पूजेतील साडी आणि अलंकार त्या-त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या फोटोंशी ताडून पाहावेत.