समुद्राच्या प्रवाहामुळे खोल पाण्यातल्या ड्रिलिंगच्या पाइपवर काय परिणाम होतो?

सगळ्यात जास्त त्रास राइजरला होतो. राइजर म्हणजे जहाजापासून समुद्रतळावरच्या विहिरीच्या तोंडापर्यंत जाणारा, साधारण २१ इंच व्यासाचा पोलादी पाइप.

प्रवाह आदळला की पाइपच्या मागे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सुटतात आणि पाइप आडवा थरथरू लागतो. वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात ना, तसंच. मेक्सिकोच्या आखातातला लूप करंट नावाचा जोरदार प्रवाह सेकंदाला १.५ मीटरने धावत असेल, तर उघड्या पाइपला साधारण दर २ सेकंदांना एक हेलकावा बसतो. म्हणजे दिवसाला ४०,००० च्या वर! ही लय पाइपच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की वेल्डिंगच्या सांध्यांत धातू थकतो, तडे जातात.

शिवाय वेग दुप्पट झाला की ढकलण्याचा जोर चौपट होतो. पाइप धनुष्यासारखा वाकतो, तळाच्या लवचिक सांध्याचा कोन वाढतो आणि आत फिरणारा ड्रिल पाइप राइजरची भिंत घासत राहतो. मला हेच जास्त धोक्याचं वाटतं, कारण डेकवरून ही झीज दिसत नाही.

उपाय म्हणून वरून ताण वाढवतात, पाइपवर मळसूत्री पट्ट्या बसवतात. पट्ट्यांनी थरथर कमी होते, पण प्रवाहाची ओढ वाढते. त्यामुळे जोराच्या प्रवाहात फेअरिंग, म्हणजे पाइपवर बसवलेलं माशाच्या शेपटीसारखं निमुळतं आवरण, बरं.