सर वेळ देत नाहीत, लेकीनं पीएचडी सोडावी का?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार वडिलांचं पत्र आलंय. लेक एम.एस्सी. फिजिक्स झालेली. सांगलीतल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात गॅस सेन्सरवर पीएचडी करते, तिसरं वर्ष चालू आहे. ते लिहितात: "गाइड सर माणूस वाईट नाहीत, पण दोन-दोन महिने भेट होत नाही. चार महिन्यांपूर्वी दिलेलं लिखाण त्यांच्याकडं तसंच पडून आहे. पोरगी घरी आली की गप्प गप्प असते. पाहुणे म्हणतात, बँकेच्या परीक्षेला बसवा, नाहीतर लग्न उरका. ताई, सोडू द्यावं का? वर तक्रार केली तर सर डूख धरतील का?"

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मिळालं आणि परवा लेक येऊन भेटूनही गेली. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "सर, सॅम्पल तयार आहेत, एक्सआरडीला कुठं पाठवू?" हा मेसेज जूनमधला (एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासणं). त्याखाली तिचेच आणखी नऊ मेसेज, सगळ्यांवर निळ्या टिका. शेवटी सरांचं उत्तर: "ओके, भेटू." कधी, कुठं, किती वाजता, काही नाही. सॅम्पल अजून डबीतच आहेत. मोबाइल पर्समध्ये ठेवता ठेवता ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असणार, मॅडम."

हे वाक्य मला लागलं, कारण एकेकाळी तेच मीही रोज स्वतःला ऐकवत होते. मी पीएचडी अर्धवट सोडली. माझे गाइड कधी टाकून बोलले नाहीत, त्यांनी मला फक्त वाऱ्यावर सोडलं होतं. मोठ्या माणसाला वेळ मागणं म्हणजे उद्धटपणा, असं समजून मी गप्प बसले आणि त्यात वर्षं गेली. तुमच्या लेकीचं तसं होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

आत्ता सोडू देऊ नका. ती कंटाळलेली नाही. तिच्या सेन्सरवरचा पातळ थर, म्हणजे फिल्म, अमोनिया वायू ओळखते, पण हवेत दमटपणा वाढला की रीडिंग हलतं, हे ती मला अर्धा तास समजावत होती, आणि तेवढा वेळ तिचा चेहरा खुलला होता. तिचं कामात मन आहे. कमी आहे ती मार्गदर्शनाची, आणि ती भरून काढता येते.

तुमच्या बागेचंच बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, पानावर डाऊनी रोग दिसला, तर तुम्ही एकाच माणसाच्या फोनची वाट बघत बसता का? कन्सल्टंटला प्लॉट दाखवता, शेजारच्या बागायतदाराला विचारता, बागायतदार संघाच्या चर्चासत्राला जाऊन येता. कोणती फवारणी, कधी, किती, हे वहीत लिहिता, कारण एक्स्पोर्टच्या मालाला ती वही दाखवावी लागते. संशोधनात मात्र आपण पोराला एका गाइडच्या हवाली करतो आणि नोंद कशाचीच ठेवत नाही.

गाइडचीही अडचण समजून घेऊ. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानं सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं, प्राध्यापकाला १४. त्यावर परीक्षा, कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकची कागदपत्रं, प्रवेशाची कामं. आणि संशोधन कसं करायचं हे शिकलेल्या माणसाला दुसऱ्याकडून ते कसं करून घ्यायचं, हे आपल्याकडं सहसा कुणी शिकवत नाही. त्यांच्या गाइडनी त्यांना जसं वागवलं तसंच ते पुढं वागवतात. अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन प्रकल्पाला पैसे देण्याआधी, त्यातल्या पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या) संशोधकांना मार्गदर्शन कसं करणार, याचा लेखी आराखडा २००९ पासून मागते. २०२४ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीही मागते. आपल्या संशोधन केंद्रांनीही असा एक कागद मागायला सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. त्याला पैसा लागत नाही.

तोवर जे नियम हातात आहेत ते तर वापरू. ७ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेले यूजीसीचे पीएचडीचे नियम लेकीला एकदा वाचायला सांगा. प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. प्रत्येक विद्यार्थ्याला एक संशोधन सल्लागार समिती असते आणि दर सत्रात तिच्यापुढं उभं राहून काम दाखवायचं असतं. मी विचारलं, "तुझी मीटिंग कशी होते?" म्हणाली, "क्लार्क फॉर्म देतो, मी सह्या घेऊन येते." दादा, खरी गळती इथं आहे. समितीचे निमंत्रक गाइडच असतात हे खरं, पण बाकीचे सदस्यही समोर बसलेले असतात, आणि प्रगती अडली असेल तर ती का अडली याची नोंद करून उपाय सुचवणं हे समितीचं कामच आहे. पुढच्या वेळी तिनं सह्या गोळा करत हिंडू नये. पंधरा मिनिटांचं सादरीकरण मागावं.

त्याआधी सरांना मेल. व्हॉट्सॲप नको, तिथं मेसेज वाहून जातात. मजकूर साधारण असा: "सर, सोबत एका पानावर आजवरचं काम आणि अडलेले तीन प्रश्न पाठवत आहे. दर पंधरा दिवसांनी, आपल्या सोयीच्या वारी, अर्धा तास मिळाला तर काम वेळेत होईल. भेटीत जे ठरेल ते मी त्याच दिवशी लिहून पाठवीन." यात तक्रारीचा एक शब्द नाही. अशी मागणी पाहून बरेच गाइड सुटकेचा श्वास सोडतात, कारण काय बघायचं ते त्यांना नेमकं कळतं. त्या एका पानाचं महत्त्व तिला पटवा. "सर, जरा बघा ना" म्हणून साठ पानं हातात दिली की ती कपाटात जातात. "दमटपणाचा परिणाम वेगळा काढायला ही पद्धत चालेल का?" असं विचारलं की उत्तर येतं.

सॅम्पलसाठी तर सरांची वाट बघायचीही गरज नाही. देशात कोणतं उपकरण कुठं आहे ते केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर दिसतं. तिनं यादी काढावी, खर्च लिहावा आणि सरांकडून फक्त होकार घ्यावा. सेन्सरच्या सर्किटसाठी एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजातले प्राध्यापक सहमार्गदर्शक म्हणून घेता येतात का, हेही विचारावं. आणि एक वर्ष पुढं असलेली एखादी सिनिअर मुलगी गाठावी. लिखाणात कुठं अडतं ते तिला सरांपेक्षा ताजं आठवत असतं.

डूख धरतील का? धरणारी माणसं असतात, मी खोटं सांगणार नाही. म्हणूनच पहिलं पाऊल तक्रारीचं नको. तीन महिने मेल, भेटी, सल्लागार समिती हे सगळं नीट करून, प्रत्येक गोष्टीची तारीख वहीत ठेवून बघू. तरीही काही हललं नाही, तर ती वही घेऊन विभागप्रमुखांकडं गाइड बदलण्याचा अर्ज द्यायचा. तेव्हा रडत सांगावं लागणार नाही. वेळही आहे: प्रवेशापासून मुदत ६ वर्षांची, पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात, आणि महिलांना त्याखेरीज २ वर्षांची सवलत आहे. लग्न होऊन गाव बदललं तरी संशोधनाची माहिती दुसऱ्या संस्थेत नेता येते, तशी तरतूद त्याच नियमांत आहे. पाहुण्यांना हे जरूर सांगा.

बँकेची परीक्षा वाईट नाही. तिला खरंच तिकडं जायचं असेल तर तिनं स्वतःच्या मनानं जावं. सर भेटत नाहीत म्हणून जाऊ नये.

तुमच्याकडून एकच हवंय. ती घरी आल्यावर "कधी संपणार?" हे विचारणं काही दिवस बंद ठेवा. त्याऐवजी तिला प्लॉटवर न्या आणि सेन्सर कसा चालतो ते विचारा. तुम्हाला समजेल असं सांगता सांगता तिचं ते एक पानही निम्मं तयार होईल. मेल पाठवण्याआधी मसुदा मला दाखवायला सांगा. रविवारी सकाळी मी घरीच असते.

तुमची ताई
सांगली