मार्चेल्लो मास्त्रोयान्नी खरंच मोठा नट होता की नुसता देखणा? त्याचे सिनेमे कुठून सुरू करू?

"नुसता देखणा" वाचलं आणि डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो.

देखणा होताच हा इटालियन नट. १९६० च्या ‘ला दोल्चे व्हिता’ या सिनेमानंतर जगाने त्याला लॅटिन लव्हर, म्हणजे बायकांना भुलवणारा प्रेमवीर, ठरवून टाकलं आणि त्या बिरुदाचा त्याला कायम वैताग होता. पण त्याच वर्षी ‘इल बेल आंतोनियो’मध्ये त्याने काय केलं, तर अख्ख्या गावातल्या बायका ज्याच्यावर मरतात पण लग्नानंतर नपुंसक निघतो असा नवरा. पुढच्या वर्षी ‘डिव्होर्स इटालियन स्टाइल’, तेल चोपडलेले केस, बारीक मिशी, तोंडाचा कोपरा सारखा उडतोय असा सिसिलियन सरदार, इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नाही म्हणून बायकोचा काटा काढायच्या खटपटीत. ऑस्कर नामांकन मिळालं त्याला. आपल्याकडचा कुठला हिरो ऐन भरात असं काही करेल सांगा.

आता माझं दुखणं. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात मी बाप करत होतो, मुलगा अंकभर बडबडतो आणि बाप नुसता ऐकतो. दिग्दर्शक रोज ओरडायचे, अरे ठोंब्यासारखा काय बसतोस, काहीतरी कर, हात तरी हलव! मी म्हटलं सर, तो ऐकतोय, ऐकणारा माणूस हात कशाला हलवेल. शेवटी ग्रँड रिहर्सलच्या आधी मला काढलं आणि दुसऱ्याला घेतलं, त्याने प्रत्येक वाक्याला छाती धरली, कपाळ बडवलं, प्रेक्षकांनी टाळ्याही दिल्या. मला आजही त्या टाळ्या पटत नाहीत.

त्या सरांना मला ‘अ स्पेशल डे’ (१९७७) दाखवायचाय. ६ मे १९३८, हिटलर रोममध्ये आलाय, सगळी बिल्डिंग परेडला गेलीय, मागे उरलेत सहा मुलांची आई सोफिया लोरेन आणि रेडिओवरून काढून टाकलेला समलिंगी निवेदक मास्त्रोयान्नी. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये ती त्याला जवळ ओढते, आणि तो काहीही करत नाही. ढकलत नाही, मिठी मारत नाही, हात नुसते लोंबकळत असतात, खालून रेडिओवर परेडची कॉमेंट्री चालूच. ठोंब्यासारखा उभाय ना सर? याही रोलला नामांकन होतं. तिसरं १९८७ च्या ‘डार्क आइज’ला, त्यालाच कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये बेस्ट अॅक्टर, ते दुसऱ्यांदा. ऑस्कर एकदाही नाही, पण ते राहू दे.

तर तुम्ही ‘डिव्होर्स’पासून सुरू करा, मग ‘स्पेशल डे’, मग दिग्दर्शक फेलिनीचा ‘साडेआठ’ (8½). ‘दोल्चे व्हिता’ जवळपास तीन तासांचा आहे, तो सवडीने. आणि हो, शंभरावर सिनेमे केलेत त्याने, त्यात भंगारही भरपूर आहे, तेव्हा जे मिळेल ते बघत सुटू नका. नाटकात काम करत असाल आणि कोणी हात हलवायला सांगितलं, तर खुशाल नाही म्हणा. रोल जाईल, एवढं लक्षात ठेवा.