कासवाला 'विणीचा हंगाम' चालतो का?

प्रश्न असा आला आहे: कोकणातल्या बातम्यांत 'ऑलिव्ह रिडले कासवांचा वीणीचा हंगाम सुरू' असं छापून येतं. गाय विते हे समजतं, पण कासव तर अंडी घालतं. मग त्याला वीण कशी?

आधी लेखन. 'वीण'चं सामान्यरूप करताना 'वी' ऱ्हस्व होते. वीट–विटेचा, वीज–विजेचा, तसं वीण–विणीचा. बातमीतलं 'वीणीचा' चूक.

आता अर्थ. मूळ क्रियापद 'विणे'. ते संस्कृत 'विजायते'वरून आलं, हिंदीतलं 'ब्याना' त्याचंच भावंड. भूतकाळ 'व्याली', बोलताना 'व्यायली'. जसं पिणेचं प्याली–प्यायली, भिणेचं भ्याली–भ्यायली. 'गाय विली' असं रूप मराठीत नाही. कापडाच्या 'विणणे'शी याचा काही संबंध नाही, दोघांचं नाम 'वीण' असंच होतं एवढंच.

हा शब्द गोठ्यात किती जुना आहे ते पाणिनीच्या अष्टाध्यायीत दिसतं. 'समांसमां विजायते' (५.२.१२) असं सूत्रच आहे आणि त्यावरून 'समांसमीना', म्हणजे दरवर्षी विणारी गाय. लगेच पुढच्या सूत्रात 'अद्यश्वीना' येते: आज-उद्या विणार अशी, दिवस भरलेली. गाईच्या या दोन अवस्थांसाठी व्याकरणात स्वतंत्र सूत्रं असावीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

समांसमीनेचा हिशोब आजचा शेतकरी 'वेत' या शब्दाने करतो. वेत म्हणजे एकदा विणं आणि त्यामागून येणारा दुधाचा काळ. बाजारात गाय बघताना 'कितव्या वेताची?' हे आधी विचारतात, वय मागून. दोन वेतांतलं अंतर वर्षाचं हवं असेल तर गणित असं: गाईचे गाभणपणाचे दिवस साधारण २८०, उरले ८५. म्हणजे व्याल्यापासून तीन महिन्यांच्या आतच ती पुन्हा गाभण राहायला हवी. माज, म्हणजे गाय गाभण राहू शकते ते दिवस, २१ दिवसांनी येतो. फळवलेली, म्हणजे वळू दाखवलेली किंवा रेतन केलेली गाय २१ दिवसांनी परत माजावर आली तर 'गाय उलटली' म्हणतात. दोनदा उलटली की वेत सव्वा-दीड महिना पुढे गेलं, आणि तेवढे दिवस भाकड गाईला चारा घालायचा. म्हशीचं आणखी अवघड. ती ३०५ ते ३१० दिवस गाभण असते, शिवाय तिचा माज पुष्कळदा 'मुका' असतो. ओरडत नाही, चारा सोडत नाही, आणि दिवस हातचा जातो. गर्भ मुदतीआधी पडला तर 'गाय गाभडली'. 'गर्भपात' हा दवाखान्यातला शब्द.

विणे हे क्रियापद दूध पाजणाऱ्या जनावरांचं. गाय, म्हैस, शेळी, घोडी, कुत्री, वाघीण विते; उडत असलं तरी वटवाघूळही विते. बाई मात्र बाळंत होते, आणि तिला 'व्याली' म्हणणं ही आज शिवीच. मांजरीला 'पिल्लं घातली' हेही सर्रास चालतं. घोणस अंडी बाहेर घालत नाही, तिच्या पोटातून जिवंत पिल्लंच येतात. तिथेही 'घोणशीने पिल्लं घातली' असं म्हणावं. दूध नाही, म्हणून 'व्याली' कानाला खटकतं.

मग कासव? 'कासव व्यालं' चूकच. पण 'वीण' हे नाम क्रियापदापेक्षा मोकळं आहे. पक्ष्यांचा, माशांचा, बेडकांचा विणीचा हंगाम आपण बिनदिक्कत म्हणतो. त्यात जोडी जमण्यापासून पिल्लं निघेपर्यंतचा सगळा काळ येतो. तेव्हा कासवांचा विणीचा हंगाम हे बरोबर.

त्याच बातम्यांतला 'उबवणी केंद्र' हा शब्द मात्र विचार करायला लावतो. उबवणं हे खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबडीचं काम. ती २१ दिवस अंड्यांवर बसते आणि दिवसातून कितीदा तरी चोचीने ती फिरवते. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मरू शकतो. कासवाचं नेमकं उलट. मादी वाळूत दीड फुटाचा खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांकडे पाहायला येत नाही. ऊब वाळूची. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, थंड राहिली तर नर. इथे गर्भ वरच्या कवचाला आतून धरून वाढतो. म्हणून कोकणातल्या वेळाससारख्या किनाऱ्यांवर अंडी हलवायची तर घातल्यापासून काही तासांतच, आणि वरची बाजू वरच ठेवून. उशिरा उचलून उलटी ठेवली तर गर्भ मरतो. तिथे कुणी 'उबवत' नाही, राखण करतात. 'अंडी-राखण' किंवा 'घरटी-राखण' हे शब्द मला जास्त नेमके वाटतात.

आणखी एक. 'कोंबडी अंडी देते' यात घेणारा आपण असतो, म्हणून ते शोभतं. कासव कुणाला देत नाही. बातमीत 'कासवाने अंडी घातली' असंच लिहावं.