स्नॅपड्रॅगनवर आई-बाबांना कुठली मॅच दाखवू?

ऑक्टोबरमध्ये नाशिकहून आई-बाबा येतायत, बाबा मेस्सीचे भक्त, आणि सॅन डिएगोच्या स्नॅपड्रॅगन या एकाच स्टेडियमवर दोन ‘फुटबॉल’ दिसतायत म्हणून तुम्ही गोंधळलाय. सरळ सांगतो, सॅन डिएगो एफसीची मॅच दाखवा, म्हणजे आपलं फुटबॉल, इथलं सॉकर. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाची (एसडीएसयू) कॉलेज मॅच म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. आमच्या बाबांना आधी तिथे नेलं, तर पहिल्या क्वार्टरमध्येच विचारलं, ‘‘अरे, हे सारखे थांबतात कशाला?’’ खेळ जेमतेम ६० मिनिटांचा, पण संपायला तीन तासांच्या वर लागतात. सॉकर दोन तासांत आटोपतं.

मैदान विद्यापीठाचं, २०२२ मध्ये उघडलेलं, ३५,००० आसनांचं. पण ते कॅम्पसवर नाही, खाली मिशन व्हॅलीत आहे. जुनं, १९६७ मधलं स्टेडियम याच जागेवर होतं. त्यामुळे ‘एसडीएसयू’ स्टेशनवर उतरू नका (आम्ही उतरलो होतो). ट्रॉलीच्या (शहरातली रेल्वे) ग्रीन लाइनने ‘स्टेडियम’ला उतरा, एसडीएसयूच्या पश्चिमेला तिसरं स्टेशन.

आता जागा. अमेरिकन फुटबॉलचं मैदान ५३ यार्डांच्या आसपास रुंद, एमएलएसला (एफसी खेळते ती सॉकर लीग) किमान ७० लागतात. म्हणजे बैठका सॉकरच्या मापाने मागे सरकवाव्या लागतात. कॉलेज मॅचला त्या मोकळ्या पट्ट्यात खेळाडू, कोच मिळून शंभरेक माणसं उभी असतात. पुढच्या रांगेचं महाग तिकीट काढून मी एकदा पूर्ण संध्याकाळ हेल्मेटांचे मागचे भाग बघितलेत. तिथे वरचीच रांग घ्या, डाव कसा मांडलाय ते वरूनच कळतं. सॉकरला मात्र खाली, कोपऱ्याजवळ बसा. कॉर्नर घेणाऱ्याच्या बुटाचा आवाज ऐकू येतो, बाबा खूश होतील.

मॅच दुपारची असेल तर पश्चिमेची बाजूच बघा. पूर्वेला बसलात की उतरतं ऊन थेट तोंडावर. ३ सप्टेंबर २०२२ ला ॲरिझोनाविरुद्ध उद्घाटनाची मॅच दुपारी ठेवली होती, लोक अक्षरशः भाजून निघाले. ज्येष्ठांना घेऊन संध्याकाळच्याच मॅचला जा. मात्र सूर्य गेला की गारठतं, आईंसाठी शाल ठेवा. पिशवी पारदर्शकच लागते, नाहीतर गेटवरून परत गाडीकडे.

ऑक्टोबरमध्ये एक गंमत दिसेल. कॉलेजचा मोसम ऐन भरात आणि सॉकरचा शेवटाकडे, त्यामुळे गवत खरं असूनही थकलेलं असतं, आणि कॉलेज मॅचच्या पुसलेल्या यार्डरेषा फिकट हिरव्या पट्ट्यांसारख्या उमटतात. बाबा विचारतीलच.

एफसीचं तिकीट नाहीच मिळालं तर महिलांचा ‘वेव्ह’ संघही इथेच खेळतो. १७ सप्टेंबर २०२२ ला एंजल सिटीविरुद्ध ३२,००० लोक आले होते, तेव्हाचा महिलांच्या लीगचा विक्रम. तिकीट बहुधा स्वस्त पडतं, आणि खेळ, माझ्या मते, एफसीइतकाच बघण्यासारखा. मार्च २०२५ मधली एफसीची घरची पहिली मॅच तर शून्य-शून्य सुटली होती.