पटावरची तीन नावं

नागपूर, ऑगस्ट २०२४

बेटा,

तुझा मेसेज वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखा तो नव्हता, म्हणून कागद घेतला.

२३ सप्टेंबरला पुराला वर्ष होतंय, त्या कार्यक्रमासाठी शाळेचा अहवाल तुला लिहायला सांगितलाय. त्यात ‘पुराच्या तडाख्यातून शाळा नव्या उमेदीनं उभी राहिली’ असं यायला हवंय. आणि त्याच आठवड्यात तुझ्या तिसरीच्या पटावरची तीन नावं कमी करायला सांगितलंय. ही दोन्ही कामं एकाच हातानं कशी करायची, हे तुला कळेना. त्यात कायम होण्याआधीची शिक्षणसेवकाची तीन वर्षं, महिन्याचे १६ हजार, आणि घरून सारखं ‘दुसऱ्या परीक्षेचे फॉर्म भर’. शेवटी तू लिहिलंस, ‘मॅडम, मी फार निगेटिव्ह विचार करून राहिली का?’

नाही. तुला दिसलं ते बरोबर दिसलं. अहवाल लिहिणाऱ्याला पटावरच्या रिकाम्या जागा दिसत असतील, तर तो माणूस जागेवर आहे. फॉर्म भरायचे की नाही ते तू आणि तुझे आईवडील ठरवा, त्यात मी पडत नाही. पण या शाळेत आहेस तोवर एक गोष्ट कर, आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. जे मूल आलं नाही, त्याच्या घरी जा.

तू मार्चमध्ये रुजू झालीस, त्यामुळे पूर तू पाहिलेला नाहीस. त्या रात्री घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण आटोपून लोक नुकते आडवे झाले होते. मध्यरात्रीनंतर काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. पेपरात अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीचे फोटो आले. लष्कराला बोलवावं लागलं. आपल्यासारख्या खालच्या अंगाच्या वस्त्यांचे फोटो फारसे आले नाहीत. पाणी आपल्याही वर्गांत फळ्यापर्यंत चढलं होतं.

तेव्हा मुख्याध्यापिका मीच होते. सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा पोषण आहाराच्या तांदळाची पोती फुगून फाटली होती. त्यापेक्षाही मला भीती होती ती दाखल-खारीज रजिस्टरची, शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते त्याची. नवीन मास्तरांना ते नुसतं जाड जुनं पुस्तक वाटतं. पण जातीच्या दाखल्यासाठी आजोबाची नोंद शोधत जेव्हा कोणी चाळीस वर्षांनी शाळेच्या दारात उभं राहतं, तेव्हा त्या एका ओळीवर त्याच्या नातवाची शिष्यवृत्ती अडलेली असते. खालच्या कपाटातली रजिस्टरं भिजली होती. आपल्या शाळेत शिकलेल्या एका इलेक्ट्रिशियननं वरच्या मजल्यावर पंखे जोडून दिले. बचत गटाच्या बाया, ज्या आपल्याकडे खिचडी शिजवतात, त्यांच्या स्वतःच्या घरात चिखल होता. तरी त्या आल्या आणि पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घालत बसल्या. एकही पान फेकावं लागलं नाही. अहवालात हे लिही. देणगीदारांना शाल-श्रीफळ द्यायला माझी हरकत नाही, पण या बायांचं नाव त्यांच्या आधी यायला हवं.

आता पुढचं नीट वाच. २३ तारीख शनिवार होती. पुढच्याच शनिवारी ३० सप्टेंबर. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं, हे एव्हाना तुला माहीत असेल. तेव्हा प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तिसरा, असा हिशोब होता. एक मूल इकडचं तिकडे गेलं तर एका शिक्षकाची खुर्ची हलते. त्यामुळे त्या आठवड्यात सगळे वस्तीत फिरत होते. शिक्षक फिरत होते, संस्थेची माणसं फिरत होती, शेजारच्या शाळांचे लोकसुद्धा आपल्या मुलांना ‘आमच्याकडे या’ म्हणत फिरत होते. आणि १ ऑक्टोबरला गल्ल्या रिकाम्या. कोणीच नाही.

मला राग येतो तो याचा. ३० तारखेच्या आत मूल शोधणं ही नोकरी झाली. त्याला मी नावं ठेवत नाही, नोकरी सगळ्यांनाच लागते. पण १ ऑक्टोबरनंतर, डिसेंबरच्या थंडीत, एप्रिलच्या उन्हात, जेव्हा त्या मुलाच्या येण्यानं तुझ्या कागदावर काहीही बदलणार नसतं, तेव्हा त्याच्या घरी जा. म्हणून माझा हट्ट होता की दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, एक तरी घर व्हायलाच हवं. शिक्षक वैतागायचे. एकानं तोंडावर सांगितलं, ‘मॅडम, हे आमच्या कामात बसत नाही.’ निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, एवढं सगळं बसतं, आणि आपल्या वर्गातलं मूल कुठे आहे हे तेवढं बसत नाही? मी तेव्हाही हेच विचारलं होतं, आजही विचारते.

आणि घरी गेलीस की पहिल्यांदा वही-पुस्तकाचं विचारू नकोस. पुराच्या आठवडाभर आधी तान्हा पोळा झाला होता, पोरं लाकडी बैल सजवून बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागतात तो. मी ज्या ज्या घरी गेले, तिथे पोट्टे लाकडी बैलासाठी रडत होते. पुस्तकं वाहून गेली याचं त्यांना काही नव्हतं, पुस्तकं सरकार पुन्हा देतं. दुसरीतला एक पोरगा मला म्हणाला, ‘मॅडम, बोजाऱ्याचे पैसे बी त्याच्यासंगच गेले.’ मी त्याच्याशी अर्धा तास फक्त त्या बैलाबद्दल बोलले. सोमवारी तो शाळेत आला. त्याला कोणी समुपदेशन म्हणेल, म्हणू दे.

आता तुझ्या तीन नावांकडे येते. ती तिन्ही नावं मीच तशी ठेवून निवृत्त झाले. जूनअखेर चार्ज देताना मला सांगण्यात आलं की ही नावं कमी करून पट स्वच्छ करून द्या. मी नाही केली. त्यावरून माझ्यामागे बरंच बोललं गेलं, तुझ्याही कानावर आलं असेल. बाईंनी पट फुगवून ठेवला, असं. म्हणून हे तुला स्पष्ट सांगणं मला भाग आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली होती, तेव्हा खोट्या पटाच्या शाळा उघड्या पडल्या. मूल नसताना हजर दाखवायचं, त्याच्या नावावर तांदूळ उचलायचा, असे प्रकार होते ते. माझ्या हजेरीपटावर ही तीन मुलं रोज गैरहजर आहेत. रोज. त्यांच्या नावावर एका ताटाचा तांदूळ लागलेला नाही. सलग महिन्याभराहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरायचं असतं, तसं मी धरलं, तसं लेखी कळवलं. मी फक्त ‘कमी केले’ असं लिहिलं नाही. कारण एकदा नाव कमी झालं की त्या मुलाला शोधायला निघणारा माणूसच उरत नाही. शाळेत नाही म्हणून शाळा विचारत नाही, आणि घरातल्यांना तर ते घरात हवंच असतं, काम करायला.

मला माहीत आहे, नव्या मुख्याध्यापकांना सगळं नीटनेटकं हवंय. नव्यानं काम हाती घेणाऱ्याला तसं वाटतंच. तू त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना एवढंच म्हण, की मला दिवाळीपर्यंत वेळ द्या, मी तिन्ही घरी जाऊन येते, मग ठरवा. लेखी दे. तोंडी दिलेलं शाळेत टिकत नाही.

तुला वाटत असेल, बाईंनी स्वतः एवढं केलं, तरी मुलं आली नाहीत, मग मी जाऊन काय होणार? याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिन्ही घरी मी गेले आहे, पुन्हा पुन्हा गेले आहे. आणलेली मुलं खूप आहेत, त्यांची नावं मला आता आठवत नाहीत. ही तीन आठवतात. निरोप समारंभात लोक माझ्या कारकिर्दीबद्दल बोलत होते आणि मी समोर बसून हाच हिशोब करत होते. घरीही याची किंमत मोजली आहे. माझी मुलगी दहावीला होती तेव्हा शनिवारची दुपार मी दुसऱ्यांच्या मुलांच्या दारात असायची. ती अजून बोलून दाखवते, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण पुन्हा तीच शाळा आणि तोच शनिवार मिळाला तर मी पुन्हा निघेन. तिलाही हे सांगितलं आहे.

कोरोनात मार्च २०२० पासून शाळेला कुलूप होतं तेव्हाही हेच. लिंक पाठवल्या, ग्रुप केले, आणि ज्यांच्याकडे फोन नव्हता ती मुलं कोणालाच दिसेनाशी झाली. तेव्हाही ओट्यावर बसून शिकवणारे दोन-तीन शिक्षकच होते ज्यांची मुलं शाळा उघडल्यावर त्याच आठवड्यात परत आली. कारण ती तुटलीच नव्हती. म्हणून मी म्हणते, इमारत, रंग, नवे बाक, डिजिटल फळा, हे होईल, होतंच. पैसे देणारा कोणीतरी मिळतो. दारात जाणारा मिळत नाही. जे मूल आलं नाही त्याच्या घरी जा. तुला कंटाळा आला असेल हे वाक्य वाचून, तरी पुन्हा लिहिते.

अहवालाचं म्हणशील तर ‘शाळा उभी राहिली’ असं खुशाल लिही. राहिलीच आहे, त्यासाठी लोक राबलेत, त्यांचं श्रेय कापू नकोस. फक्त त्याच पानावर पुढे लिही की तिसरीतली तीन मुलं अजून परतलेली नाहीत आणि त्यांच्यासाठी प्रयत्न चालू आहेत. नावं घेऊ नकोस, मुलांची लाज जायला नको. कोणी ते वाक्य खोडायला सांगितलं तर माझ्याकडे ये, मी येऊन बोलते. समारंभात पालक बसलेले असतात, त्यांना ऐकू दे. वस्तीतल्या बाईला कोणाचं घर कुठे हललं हे आपल्या ऑनलाइन माहितीपेक्षा आधी कळतं.

आता कामाचं. पत्ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलेत, शाळेत कोणाला दाखवू नकोस.

मुलगी आहे ती पारडीकडे भाड्याच्या खोलीत आहे. आई मिरचीचे देठ खुडायला जाते आणि ही धाकट्या भावाला सांभाळते. आईच्या मनात पक्कं बसलंय की टीसीशिवाय तिथली शाळा घेणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ५: टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे तू तिला सांगून उपयोग नाही, तिथल्या शाळेत तिच्याबरोबर जा आणि तिथल्या मुख्याध्यापकांना सांग. ती आपल्याच शाळेत यावी असा हट्ट धरू नकोस. तिथे बसली की मग आपल्या पटावरचं नाव कमी कर, मीच म्हणते कर. भावासाठी अंगणवाडी जवळ आहे का तेही बघून ये, नाहीतर आठ दिवसांत ती पुन्हा घरी बसेल. रविवारीच जा, बाकी दिवशी आई भेटत नाही.

दुसरा बालाघाट जिल्ह्यात आजी-आजोबांकडे आहे. बाप सेंट्रिंगच्या कामावर नागपुरातच असतो. पूर आला तेव्हा पोरगं छपरावर बसून होतं, म्हणून आई त्याला इकडे आणायला घाबरते. तिकडे शाळेत जातोय असं बाप म्हणतो. मला खात्री नाही. त्याच्याकडून शाळेचं नाव घे आणि फोन करून खातरजमा कर, नुसत्या ‘हो मॅडम’वर सोडू नकोस.

तिसरा इथेच आहे, शाळेपासून चार गल्ल्यांवर. त्याला काहीही झालेलं नाही. पुरानंतर आपली शाळा दुसऱ्या इमारतीत दुपारच्या पाळीत भरत होती, मोठा रस्ता ओलांडून जावं लागायचं, आई धुणीभांडी करायला जायची, सोडायला कोणी नव्हतं, आणि सवय सुटली. आता त्याला वर्गात यायची लाज वाटते. मला बघितलं की गच्चीवर पळतो, कारण मी त्याला जुनी मुख्याध्यापिका म्हणून ओळखीची. तुला तो ओळखत नाही, हा तुझा फायदा आहे. त्याच्यापासून सुरुवात कर. पुढच्या आठवड्यात पोळा आहे. तान्ह्या पोळ्याला तो बैल घेऊन चौकात येईलच, तिथे गाठ, बोजारा दे, शाळेचं एक अक्षर काढू नकोस. मग शनिवारी घरी जा.

बालाघाटचा फोन लागला की मला लगेच कळव, रात्री कितीही वाजले तरी.

तुझी मॅडम